डायनोवरचे आकडे जुळेनात तेव्हा

रोलर डायनोवर, म्हणजे गाडीची चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, माझ्या गाडीची चाकांवरची अश्वशक्ती प्रत्येक फेरीत वेगळी येत होती आणि मी दोष इंजिनात शोधत होतो. खरे कारण टायरमध्ये होते: हवा कमी होती आणि गाडी बांधणारे पट्टे जास्त ताणलेले असल्यामुळे टायर रोलरवर दबून शक्ती उष्णतेत घालवत होते. हवा योग्य दाबापर्यंत भरून, पट्ट्यांचा ताण सारखा ठेवून आणि गिअरबॉक्सचे तेल पुरते तापल्यावर १:१ च्या जवळच्या गिअरमध्ये (ज्यात गिअरबॉक्समध्ये येणारा आणि बाहेर पडणारा वेग जवळजवळ सारखा असतो) मोजणी केली, तेव्हा आकडे जुळू लागले. नंतर क्लच दाबून रोलर आपोआप मंदावू दिला व त्यावरून पारेषणातील, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचताना होणारे, नुकसान काढले. भाराखाली गिअरच्या दात्यांत होणारे घर्षण या मोजणीत पूर्ण येत नाही. तरीही इंजिनाची शक्ती काढण्यासाठी चाकांवरच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवण्यापेक्षा मला हीच पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.