फी माफ झाली, मेसचं काय?

कॉलेजचा खर्च म्हणजे फी, असं धरूनच बहुतेक घरांत हिशोब मांडला जातो. खरं तर फीसाठी महाराष्ट्रात बऱ्यापैकी योजना आहेत. मुलं अडकतात ती खोलीभाडं, मेस आणि पहिल्या सहा महिन्यांत हातात नसलेल्या पैशांपायी. बार्शी तालुक्यातल्या गावातून मी पुण्यात इंजिनिअरिंगला आले. माझी निम्मी फी सरकारने भरली, पण घरी रात्री चर्चा चालायची ती मेसच्या पैशांची. आता गावाकडच्या मुलामुलींचे फॉर्म भरून देते, तेव्हा पहिल्यांदा वहीचं पान मधोमध दुमडायला लावते. एका बाजूला फी, दुसऱ्या बाजूला राहणं-खाणं. दोन्हीकडच्या योजना वेगळ्या आणि पैसे येण्याच्या वेळाही वेगळ्या.

आधी फी. बहुतेक राज्य योजनांचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतो. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, म्हणजे आपण सगळे जिला ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास) म्हणतो ती. व्यावसायिक अभ्यासक्रमांना तिच्यातून निम्मं शिक्षण शुल्क सुटतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. माझ्या धाकट्या बहिणीला याचा फायदा झाला. मला नाही, आणि थोडी असूया वाटते हे खरं.

मात्र आणखी एक अट आहे, आणि तिथेच घोळ होतो: प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून ‘चांगलं’ कॉलेज घेतलं की या सवलती संपल्या. म्हणून ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजच्या नावासोबत पैशांचाही विचार करा. आणि ‘पूर्ण माफ’ म्हटलं तरी डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट वगैरे खिशातूनच जातात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त रडवतो तो उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा दाखला लागतो, अर्ज आपले सरकार केंद्रातून होतो, आणि शेतकरी घर असेल तर तलाठ्याच्या अहवालाशिवाय पुढे काही सरकत नाही. त्याची मुदत साधारण ३१ मार्चपर्यंत असते, त्यामुळे एप्रिल-मे हीच काढायची खरी वेळ. जूनमध्ये गेलात तर रांग आणि ‘सर्व्हर डाऊन’. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातवैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच टाका. त्याला जो वेळ लागतो तो तुमच्या हातात नसतो.

आता बँक. शिष्यवृत्तीचे पैसे आधार क्रमांकावरून येतात, म्हणजे फॉर्मवर तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिलात याला फारसा अर्थ नसतो. आधार शेवटचं ज्या खात्याला सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे पैसे पडतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे पैसे ‘आलेच नाहीत’. खरं तर आले होते, सिम कार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात. ते खातं आपल्या नावावर आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं. अर्जाआधी बघा.

अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथेच आठवडेच्या आठवडे पडून राहू शकतो. स्टेटस बघत राहा, ‘सेंड बॅक’ आला तर त्याच दिवशी दुरुस्त करा. शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कशी नीट बोलणं ठेवा, ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. आणि पैसे उशिरा येतात हे गृहीतच धरा. आमच्या एका मैत्रिणीचं हॉल तिकीट कॉलेजने फी थकली म्हणून अडवलं होतं. तिने प्राचार्यांच्या नावे हप्त्यांचा लेखी अर्ज दिला, सोबत महाडीबीटीच्या पावतीची प्रत जोडली आणि आवक क्रमांक घेतला. दुसऱ्या दिवशी तिकीट मिळालं. तोंडी विनवण्या आठवडाभर चालल्या होत्या.

राहण्या-खाण्याचं गणित जास्त अवघड. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात राहणं-जेवण मोफत असतं, पण यादी गुणवत्तेवर लागते. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. ईबीसीवाल्यांनी महाडीबीटीवरच पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा वेगळा अर्ज करावा. ईबीसी घेतली म्हणून हा मिळत नाही असा गैरसमज खूप आहे. दोन्ही एकत्र मिळतात. मी दोन्ही घेतल्या.

तरी हातखर्च उरतोच. त्यासाठी कमवा व शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच या तत्त्वावर, आणि आज पुणे विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांत ही योजना चालते. मी लायब्ररीत परतीची पुस्तकं क्रमांकाने लावायचे, दिवसाला दोनेक तास. मानधनात मेसचा निम्मा हप्ता निघायचा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहंही आहेत, १९५५ पासून ग्रामीण मुलामुलींसाठी. मुलाखत असते, शिस्त कडक असते, पण खर्च बाहेरच्या खोलीच्या तुलनेत काहीच नाही. बाहेर कॉट बेसिसवर (एका खाटेपुरतं भाडं देऊन) राहण्याआधी तिथला फॉर्म भराच.

इतकं करूनही तूट राहिली तरच कर्ज. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की चालतं. शाखेत ‘इथे होत नाही’ म्हणाले तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, म्हणजे नोंद राहते आणि नकार द्यायचा तर कारण द्यावं लागतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रम चालू असताना आणि पुढे वर्षभर व्याज केंद्र सरकार भरतं, पण बँक ते आपणहून सांगेलच असं नाही. कर्ज मंजूर होतानाच व्याज अनुदानाचा फॉर्म मागा, आणि तहसीलदारांच्या त्याच दाखल्याची एक साक्षांकित प्रत जोडून द्या.