पीपीसी शिकायला आलात? आधी सर्च टर्म्स वाचा

पीपीसीत, म्हणजे ‘पे पर क्लिक’ सर्च जाहिरातींच्या कामात, नव्याने आलेल्यांना मी सुरुवातीला जाहिरात लिहायला देत नाही. एखाद्या चालू खात्याचा सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी काय काय शोधलं तेव्हा जाहिरात लागली, त्याची यादी) हातात देते आणि सांगते, ओळ न् ओळ वाच. कंटाळतात बिचारे. पण धंद्याचा पैसा नेमका कुठे गळतोय ते तिथेच दिसतं.

पद्धत सांगायला सोपी. माणूस काहीतरी सर्च करतो, त्याच क्षणी त्या शोधापुरता लिलाव होतो, आणि जाहिरातीवर क्लिक झालं तरच जाहिरातदाराचे पैसे कापले जातात. नुसती दिसली तर फुकट. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉमने हा प्रकार सुरू केला तेव्हा ज्याची बोली मोठी तो वर, इतका सरळ हिशेब होता. गूगलचं ॲडवर्ड्स २००० साली आलं. २००२ मध्ये त्यांनीही क्लिकवर लिलाव आणला, पण बोलीच्या जोडीला लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेही धरलं. उघड आहे, कोणी क्लिकच करत नसेल तर त्या जाहिरातीला वर बसवून गूगलच्या हाती काय लागणार? (२०१८ पासून नाव गूगल ॲड्स झालंय, जुनी मंडळी अजून ॲडवर्ड्सच म्हणतात.)

आज त्या गणितात लँडिंग पेजही, म्हणजे क्लिकनंतर उघडणारं पान, धरलं जातं. त्यामुळे शोधाशी नीट जुळणारी जाहिरात कमी बोलीतही मोठ्या बोलीवाल्याच्या वर जाऊ शकते. खात्यात दिसणारा १ ते १० चा क्वालिटी स्कोअर मात्र फक्त निदानासाठी असतो, लिलावात तो आकडा वापरला जात नाही. तो १० वर नेण्यासाठी रात्री जागवू नका.

आता त्या रिपोर्टकडे. समजा, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा क्लायंट आहे आणि कीवर्ड टाकलाय ‘वॉशिंग मशीन दुरुस्ती’, तोही ब्रॉड मॅचवर, म्हणजे अर्थाने जवळच्या शोधांवरही जाहिरात लागू शकते. कीवर्ड आपण निवडतो, सर्च टर्म म्हणजे माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेलं. रिपोर्टमध्ये सापडतं: ‘वॉशिंग मशीन दुरुस्ती कोर्स’, ‘वॉशिंग मशीन घरी कशी दुरुस्त करावी’, ‘वॉशिंग मशीन मेकॅनिक नोकरी’, ‘वॉशिंग मशीनमधून पाणी गळतंय’. पहिल्या तिघांना मेकॅनिक नकोच आहे, तरी त्यांच्या क्लिकचे पैसे गेले. शेवटच्याने ‘दुरुस्ती’ हा शब्दही लिहिला नाही, आणि गिऱ्हाईक तोच.

तर ‘कोर्स’, ‘नोकरी’ निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे ते शब्द असलेल्या शोधांवर जाहिरात लागणार नाही. इथे एक खोच आहे: निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द ओळखत नाही. ‘नोकरी’ बंद केलीत तरी ‘जॉब’ आणि ‘भरती’ आत येतच राहतात, ते वेगळे टाकावे लागतात. आणि ‘फ्री’ डोळे मिटून कापू नका; क्लायंट घरी येऊन मशीन फुकट तपासत असेल तर ‘फ्री तपासणी’ शोधणारा माणूस तुम्हाला हवाच आहे. म्हणून आधी क्लायंटशी बोला, मग कात्री चालवा.

बोली किती लावायची हे उलटीकडून काढा. शंभर क्लिकमागे पाच चौकश्या येतात आणि त्यातला एक गिऱ्हाईक होतो, असं धरू. म्हणजे एका गिऱ्हाइकाची किंमत शंभर क्लिक. त्या गिऱ्हाइकामागे सुटणाऱ्या नफ्याला शंभराने भागा. क्लिक त्याहून महाग पडत असेल तर तो कीवर्ड कितीही देखणा असो, तोट्याचा. पाचातून दोन गिऱ्हाइकं झाली तर तीच मर्यादा दुप्पट होते, आणि ते फोनवर कोण कसं बोलतं यावर ठरतं. पीपीसीवाल्याच्या हातात ते नसतं, दोष मात्र त्यालाच मिळतो.

हा हिशेब कन्व्हर्जन ट्रॅकिंगवर, म्हणजे क्लिकनंतर किती जणांनी चौकशी केली त्या मोजणीवर, उभा आहे. फॉर्म आणि फोन दोन्ही मोजले जातात का, ते स्वतः फॉर्म भरून आणि फोन लावून बघा. ऑटोमॅटिक बिडिंग (जिथे बोली गूगलच ठरवतं) त्याच आकड्यांवरून शिकतं. ‘संपर्क’ पान उघडणं हेच कन्व्हर्जन धरलंत, तर ते तसली पानं उघडणारी माणसं इमानदारीने गोळा करून देईल.

जाहिरात लिहिणं त्यामानाने लवकर जमतं. रिस्पॉन्सिव्ह सर्च ॲडमध्ये (आपण दिलेले तुकडे गूगल जुळवून दाखवतं) ३० अक्षरांच्या जास्तीत जास्त १५ हेडलाइन आणि ९० अक्षरांची ४ वर्णनं बसतात. पंधरा वेळा ‘सर्वोत्तम सेवा’ लिहू नका, बस. गूगलचे स्किलशॉपवरचे कोर्स फुकट आहेत, ते करा. पण खात्यातल्या प्रत्येक ‘रेकमेंडेशन’वर ‘अप्लाय’ दाबायची सवय लावू नका. त्यातल्या बऱ्याच सूचना बजेट वाढवायच्या असतात.

आणि एका फोनची तयारी ठेवा: “मी सर्च करतोय, मला माझीच जाहिरात दिसत नाहीये!” दिवसाचं बजेट संपलेलं असेल, वेळापत्रकाबाहेरची वेळ असेल किंवा त्या लिलावात रँक कमी पडला असेल. शिवाय मालक रोज शोधून क्लिक न करता निघून जात असेल तर क्लिकचं प्रमाण उगाच खाली येतं, आणि क्लिक केलं तर पैसे जातात. खात्यात ॲड प्रिव्ह्यू टूल असतं, त्यात जाहिरात लागतेय का ते काहीही खर्च न होता दिसतं. स्क्रीनशॉट काढून पाठवून द्या.