तिसऱ्या महिन्यात मी अख्खी गल्ली वर आणली

सिव्हिलची डिग्री घेऊन मुंबईत भुयारी रेल्वेच्या कामावर लागलात आणि तुम्हाला 'मॉनिटरिंग'ला, म्हणजे आजूबाजूची जमीन आणि इमारती किती हलतात ते मोजायला टाकलं, तर तोंड पाडू नका. मी पाडलं होतं. मित्र बोगद्यातले फोटो टाकायचे आणि मी गिरगावात चाळीच्या भिंतीतली चीर मोजत उभा.

मेट्रो ३ म्हणजे ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, आरे सोडून सगळी जमिनीखाली. मुंबई म्हणजे काळा पाषाण, हे कॉलेजात घोकलेलं. पण बेटं जोडताना भर टाकलेल्या भागात वर भराव, मग समुद्री चिकणमाती, त्याखाली खडक. स्टेशनसाठी खोदताना पाणी उपसलं की भूजल उतरतं, चिकणमाती दबते, वरची जमीन बसते.

सगळीकडे सारखी बसली तर रुळाला फार कळत नाही. एक टोक बसलं आणि दुसरं खडकावर तसंच राहिलं, की घात. लोकलच्या रुळाला खडीचं पॅकिंग करून उचलता येतं. मेट्रोचा रूळ काँक्रीटवर, तिथे खाली पट्ट्या सरकवून मिळेल तेवढीच उंची. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या मातीवर, काही भागांत वर्षाला ५० सेंटीमीटरपर्यंत बसते, तरी तिथे मेट्रो धावते. आपला खेळ मिलिमीटरचा.

तर, माझा पराक्रम. तिसऱ्या महिन्यात माझ्या तक्त्यात अख्खी गल्ली दीड मिलिमीटर वर आली. सर म्हणाले, "इमारती काय पावसाळ्यात उगवतात?" मी वेळ वाचवायला खड्ड्याजवळच्या एका जोत्यावर टीबीएम धरला होता. (सर्व्हेत टीबीएम म्हणजे तात्पुरता बेंचमार्क, उंची मोजायला स्थिर धरलेला बिंदू; बोगद्यात तेच खोदणाऱ्या यंत्राचं नाव; पहिला आठवडा घोळ होतोच.) जोतंच खाली गेलं होतं. मग लांबच्या बेंचमार्कपासून भर उन्हात पुन्हा लेव्हल आणली, आणि परत त्याच बिंदूवर येऊन हिशोब जुळतो का ते पाहिलं.

सॉफ्टवेअर महिनाभरात येतं. फील्डबुकात वेळ आणि हवा लिहायची सवय मात्र आधी लावा. चिरेची रुंदी सकाळी एक, दुपारी दुसरी भरते. समुद्राजवळच्या पिझोमीटरमध्ये (भूजलाचा दाब मोजणारं उपकरण) भरती-ओहोटी दिसते, आणि नवखा तिलाच गळती समजून फोन लावतो.

आणि घरात शिरताना चपला काढा. एका आजींनी चिरेवरच्या गेजवर, म्हणजे चिरेची रुंदी मोजायला लावलेल्या पट्टीवर, कॅलेंडर टांगलं होतं. सारखं ते गेज बघून झोप लागत नाही म्हणाल्या. रीडिंग घे, पण कॅलेंडर परत सरळ लाव, एवढं बजावलं होतं.