गाडी कुठे दुखतेय, हे कसे ओळखावे? रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी लक्षणांवरून भागापर्यंत जाण्याची रीत

"पुढून कसलातरी आवाज येतोय, बघा जरा," एवढे सांगून गॅरेजमध्ये चावी देणारे बरेच असतात. मग मेकॅनिक अंदाजाने एक भाग बदलतो, आवाज तसाच राहतो आणि दुसरा भाग बदलावा लागतो. काही जण उलटे करतात. कुठेतरी ऐकलेले भागाचे नाव घेऊन जातात आणि "सेन्सर गेलाय, बदला" असे सांगतात. दोन्ही वेळा पैसा जातो, दुखणे राहते. गाडी चालवणाऱ्याने निदान करू नये, पण लक्षण मात्र चोख टिपावे. थंड इंजिनावर काय होते, वळताना काय होते, ब्रेक दाबल्यावर काय होते, हे रोज चालवणाऱ्यालाच कळते. मेकॅनिक गाडी जेमतेम दहा मिनिटे चालवून बघतो.

आधी चार प्रश्न

काही वेगळे जाणवले की बोनेट उघडण्याआधी मोबाइलवर चार गोष्टी लिहून ठेवा. हे कधी होते: गाडी सुरू करताना, गरम झाल्यावर की ठरावीक वेगाला? कुठून येते: पुढून, मागून, डावीकडून की उजवीकडून? कशाने वाढते: ॲक्सिलरेटरने, ब्रेकने की वळणाने? आणि त्याच सुमारास काही घडले होते का: सर्व्हिसिंग झाले, टायर बदलला, चाक खड्ड्यात आपटले? चौथ्या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी आलेला खडखडाट बहुतेक वेळा नीट न बसवलेल्या झाकणाचा किंवा सैल राहिलेल्या बोल्टचा निघतो. आवाज असेल तर त्याचे रेकॉर्डिंग करा. गॅरेजच्या दारात पोचल्यावर आवाज गायब होणे अगदी नेहमीचे आहे.

गाडी सुरूच होत नाही

इथे घाई न करता हेडलाइट लावा आणि मग चावी फिरवा किंवा बटण दाबा. दिवे मुळीच लागले नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सुटले आहे. दिवे लागले, पण सेल्फ मारताच मंदावले आणि नुसता टकटक आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकच "टक" होऊन सारे थांबले, तर संशय स्टार्टर मोटरवर, म्हणजे सेल्फच्या मोटरवर, जातो. सेल्फ जोमाने फिरतो आहे, तरी इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. तिथे इंधन पोचत नसेल, ठिणगी पडत नसेल किंवा गाडी चावी ओळखत नसेल. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो का ते बघा आणि दुसरी चावी वापरून पाहा. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्किंगमधून न्यूट्रलला आणून एकदा प्रयत्न करा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल, तर बॅटरी चांगली असूनही वीज पुढे जात नाही. साफ करताना आधी ऋण टोक काढा, जोडताना ते शेवटी जोडा. व्होल्टमीटर असेल, तर काही तास उभ्या असलेल्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ च्या आसपास असेल, तर बॅटरी निम्मीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना आकडा बहुतेक गाड्यांत १३.७ ते १४.७ च्या दरम्यान असतो. तो १२ च्या घरातच राहिला, तर अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा भाग) बॅटरी भरत नाही आणि नवी बॅटरी घातली तरी तीही उतरणार. केवळ ही एक तपासणी न केल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात, म्हणून ती करायला आवर्जून सांगा. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे एकाच आकड्यावरून निकाल लावू नये.

जम्पर केबल लावताना क्रम पाळा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू नये, म्हणून हा खटाटोप.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर एसी आणि जास्तीची उपकरणे बंद करा, पण इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा सुरू होईलच असे नाही. मात्र लगेच तापमानाचा काटा बघा. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर चालतात. बेल्ट तुटला असेल, तर काही मिनिटांत इंजिन तापेल. मग थांबण्यावाचून इलाज नाही.

गाडी तापते

इंजिनाचे नेहमीचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) दाबाखाली असल्याने १०० च्या वर गेला तरी उकळत नाही. म्हणूनच गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकण सैल होताच दाब उतरतो, कूलंट क्षणात उकळतो आणि उसळून तोंडावर, हातावर येतो. ही भाजणूक फार वाईट असते.

काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवा. आत उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडेल. तेवढ्यात सुरक्षित जागा गाठा आणि इंजिन बंद करा. काटा लाल पट्ट्यात गेलाच असेल किंवा वाफ दिसत असेल, तर पुढचा किलोमीटरही चालवू नका. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकले की त्याखालचे सील, म्हणजे हेड गॅस्केट, जाते आणि साध्या गळक्या पाइपाचे काम इंजिन उघडण्यावर जाते.

किमान अर्धा तास थांबून कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेषा बघा. पातळी त्यांच्यामध्ये हवी. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. अचानक गारठ्याने धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीत साधे पाणी चालते, पण नंतर योग्य कूलंट भरून घ्यावा, कारण गंज रोखण्याचे कामही तोच करतो.

गाडी नेमकी कधी तापते, ही टिपण मेकॅनिकच्या फार उपयोगाची असते. गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा उतरतो, तर रेडिएटरचा पंखा चालत नसावा. वेग घेतल्यावर वाऱ्याने ते काम आपोआप होते. मोकळ्या रस्त्यावरही तापत असेल, तर कूलंट कमी, रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकलेला किंवा पंप कमजोर, असा शोध घ्यावा लागतो. कूलंट दर महिन्याला भरावा लागतो आणि गळती मात्र कुठेच दिसत नाही, हे सगळ्यात गंभीर. तो इंजिनाच्या आत जात असू शकतो. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ, चहासारखा थर आणि एक्झॉस्टमधून सतत दाट पांढरा धूर, ही त्याचीच खूण. थंडीत फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली ओलाव्याने किंचित फेस जमतो, तेवढ्यावरून घाबरू नये. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइलही दुधाळ आहे का ते बघावे.

ऑइल

सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला आणि मग वाचा. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचा फरक असतो, तेव्हा थोडे थोडे भरत जा. जास्त भरणेही वाईटच, कारण ऑइल घुसळून फेसाळते आणि फेसाने वंगण होत नाही. ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले असे नाही, डिझेल इंजिनात तर ते लवकरच काळे होते. ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा मात्र पातळीचा नव्हे, दाबाचा इशारा असतो. तो चालत्या गाडीत लागला की रस्त्याच्या कडेला घ्या आणि ताबडतोब इंजिन बंद करा. "गॅरेजपर्यंत नेतो" या विचारात इंजिन जाम होते.

ब्रेक

ब्रेक दाबल्यावर बारीक, कर्कश चीं आवाज येणे ही बऱ्याचदा मुद्दाम केलेली सोय असते. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवतात ते पॅड. अनेक पॅडना एक धातूची पट्टी असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते. हा आवाज आला की पॅड बदलायची वेळ आली. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला येऊन थांबणारा आवाज बहुधा ओलाव्याने चढलेल्या गंजाचा असतो. पण खरखर, धातूवर धातू घासल्यासारखी येऊ लागली, तर पॅड संपून डिस्क खराब होते आहे.

पॅडल थरथरते, तर डिस्कची जाडी असमान झाली असावी. गाडी एका बाजूला ओढते, तर एका चाकाचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) अडकला असावा. अशा वेळी चालवून आल्यावर ते चाक इतरांपेक्षा गरम लागते (हात लावू नका, जवळ नेऊन अंदाज घ्या). पॅडल मऊ लागते किंवा खोल जाते, तर ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा शिरली आहे किंवा ब्रेक ऑइल गळते आहे. या शेवटच्या लक्षणावर गाडी चालवू नये, टो करून न्यावी.

ब्रेक ऑइलची पातळी उतरली की पुष्कळ जण वरून भरून मोकळे होतात. पण पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि पातळी आपोआप थोडी खाली जाते. म्हणून आधी पॅड बघावेत, गळती बघावी, मग भरावे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. बऱ्याच कंपन्या साधारण २ वर्षांनी ते बदलायला सांगतात. अचानक जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल धडधडले, तर ते एबीएसचे, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, काम आहे. पाय काढू नका, दाबूनच ठेवा.

टायर

हवेचा आकडा टायरवर शोधू नका. तिथे लिहिलेला असतो तो टायर सोसू शकेल असा कमाल दाब. आपल्या गाडीचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा इंधन झाकणाच्या आत असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेले. साधारण ८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे आणि टायर बदलावा. बाजूच्या अंगावर कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक निर्मितीचे. २३२१ म्हणजे २०२१ सालातला २३ वा आठवडा. नवा टायर घेतानाही हा कोड वाचा. बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटले आहेत, तो टायर दुरुस्त होत नाही.

आवाज कुठला, हे वेगळे करणे

गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये हळूहळू ॲक्सिलरेटर दाबा. आवाज आला आणि वाढत गेला, तर तो इंजिनाच्या बाजूचा. उभ्या गाडीत येत नाही, पण चालताना वेगाबरोबर वाढतो, तर चाकांच्या बाजूचा. या एका परीक्षेने निम्मा शोध संपतो. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं सौम्य वळणावर कमी-जास्त होते, तर व्हील बेअरिंग बघायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टक-टक-टक येते, तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (वळतानाही चाकाला जोर पोचवणारा सांधा). खड्ड्यावर धप्प आवाज येतो, तर शॉकअप, त्याचे माउंटिंग किंवा बुश. गाडी सुरू करताच चिरका आवाज येऊन थांबतो, तर बेल्ट सैल किंवा जुना झाला आहे.

चढावर इंजिनाचे आरपीएम वाढतात, वेग मात्र वाढत नाही आणि जळका वास येतो, ही क्लच प्लेट घसरत असल्याची खूण. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय ती लवकर संपवते.

गळती आणि धूर

रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी स्वच्छ पाण्याचे थेंब दिसले, तर ते एसीचे, चिंता नको. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचा तो कूलंट. तो विषारी असतो, मुले आणि प्राणी यांच्यापासून दूर ठेवून धुऊन टाका. तपकिरी-काळा म्हणजे इंजिन ऑइल. चाकाजवळ फिकट पिवळसर, बुळबुळीत डाग दिसला, तर ब्रेक ऑइलचा संशय धरून गाडी हलवू नका. पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरूही करू नका.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, तिथे एअर फिल्टरपासून सुरुवात करावी.

डॅशबोर्डवरचे दिवे

लाल म्हणजे थांबा (बॅटरीच्या दिव्याचे वर वेगळे सांगितले आहे), पिवळा म्हणजे लवकर दाखवा. पिवळ्यातला एक अपवाद लक्षात ठेवा: इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन मिसिंग करते आहे (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तो भाग जाळते आहे. वेग कमी करा, जोर देऊ नका, शक्य तितक्या लवकर थांबा.

स्थिर दिव्याचे कारण वाचायला डॅशबोर्डखालचे १६ पिनांचे ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडण्याची जागा) असते. साधा स्कॅनरही कोड दाखवतो. पण कोड भागाचे नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे. त्यामागे फुटलेला हवेचा पाइप, अशक्त इंधन पंप किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर, काहीही असू शकते. कोड वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला, असे कुणी केले तर "त्याची तपासणी कशी केली?" हे विचारा. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. पण टायर, ब्रेक, कूलंट आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेक गाड्यांत असतेच आणि तीच उतरल्याने गाडी अनेकदा सुरू होत नाही. नारिंगी रंगाच्या केबलला मात्र हात लावू नका.

गॅरेजमध्ये बोलताना

"डाव्या पुढच्या चाकाकडून, साठच्या वर, उजवीकडे वळताना घूं-घूं वाढते, पंधरा दिवस झाले," असे सांगा आणि भागाचे नाव घेऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून तो आवाज दाखवा. काम सुरू होण्याआधी काय तपासणार आणि किती खर्च, हे विचारा. त्याहून जास्त निघाले तर आधी फोन करायला सांगा. जुना भाग परत मागा आणि तो कुठे झिजला आहे ते त्यांच्याकडूनच दाखवून घ्या. गाडी ताब्यात घेण्याआधी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच वळणावर एकदा चालवून बघा.