सोसायटीतली २६ नोव्हेंबरची श्रद्धांजली सभा: तयारीची यादी

यंदा सोसायटीत २६/११ ची श्रद्धांजली सभा ठेवायची असेल, तर मेणबत्त्यांच्या आधी नावांची यादी हातात घ्या. सगळ्यांत जास्त वेळ तिलाच लागतो. २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. करकरे, कामटे, साळसकर यांची नावं सभेत घेतली जातात आणि ती घ्यायलाच हवीत. पण तेव्हाच्या सीएसटीवर सामान जवळ घेऊन गाडीची वाट बघणारे प्रवासी, कामा हॉस्पिटलचे रखवालदार, ताजमध्ये पाहुण्यांना बाहेर काढताना जीव गमावलेले कर्मचारी, नरिमन हाऊसमधलं जोडपं, यांचीही नावं वाचली गेली पाहिजेत. जुन्या वर्तमानपत्रांतल्या याद्या एकमेकींशी ताडून बघा, कारण स्पेलिंगमध्ये फरक असतात. क्रम आडनावाप्रमाणे लावा, हुद्द्याप्रमाणे नको. मरणात कसला आलाय हुद्दा?

एका नावाला चार सेकंद धरले तरी अकरा मिनिटं लागतात. 'एवढा वेळ कोण थांबणार?' असं कमिटीत कुणीतरी म्हणेलच. थांबतात लोक. ज्येष्ठांसाठी खुर्च्या मांडा आणि वाचणारे दोघं-तिघं आधीच ठरवा. परदेशी नावं त्यांनी दोन-तीन वेळा मोठ्यानं वाचून बघावीत. कुणाच्या तरी घरचं माणूस आहे ते; नाव नीट उच्चारलं गेलं पाहिजे.

वेळ रात्री नऊची बरी. गोळीबार साडेनऊच्या सुमारास सुरू झाला होता, त्यामुळे नावं वाचून झाली की त्याच सुमारास दोन मिनिटं मौन पाळता येतं. पाण्याचा पंप त्या वेळात चालू होणार नाही, हे पंप बघणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा. लिफ्टचं दार उघडं राहिलं की वाजणारी सूचना, गेटवरचा इंटरकॉम, डिलिव्हरीवाल्यांची ये-जा हेही आधी बघून घ्या. लग्नसराई असते, शेजारी हॉल असेल तर बँडवाल्यांशी बोलून ठेवा, समजून घेतात.

झेंडा असेल तर इथे नीट लक्ष द्या. मनाला येईल तेव्हा तो अर्ध्यावर आणता येत नाही. सरकारनं दुखवटा जाहीर करून तशी सूचना दिली तरच. एरवी तो कायद्यानं अवमान ठरतो. तशी सूचना आलीच, तर झेंडा आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा आणि संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा टोकापर्यंत चढवून मगच खाली घ्यायचा. हाच दिवस संविधान दिनही आहे. उद्देशिकेचं वाचन सकाळी करा, दोन्ही एकात कोंबू नका.

बॅनरवर पदाधिकाऱ्यांचे फोटो नकोत. भाषण एकच, पाच मिनिटांचं. हल्ल्याची दृश्यं पडद्यावर दाखवू नका, समोर लहान मुलं असतात. त्यांना माणसांबद्दल सांगा. साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत फक्त लाठी घेऊन उभे होते. समोरून गोळ्या सुटत असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली ती सोडली नाही आणि म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सीएसटीवर विष्णू झेंडे उद्घोषणा कक्षातून प्रवाशांना बाहेर पडायच्या सूचना देत राहिले आणि कितीतरी माणसं वाचली. मुलांनी हे ऐकावं, असं मला फार वाटतं.

आपल्या इमारतीचे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार यांना नुसता निरोप धाडू नका, स्वतः जाऊन बोलवा आणि पुढे बसवा. त्या रात्री सगळ्यांत आधी सामोरी गेली ती त्यांच्यासारखी ड्युटीवरची माणसंच होती.

रक्तदान शिबिर जोडायचं असेल तर रक्तपेढीशी महिनाभर आधी बोला. दाता अठरा वर्षांवरचा आणि किमान ४५ किलो वजनाचा लागतो. पुरुषांच्या दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं आणि स्त्रियांच्या चार महिन्यांचं अंतर हवं, म्हणून जुलैच्या अखेरीपासून पुढे रक्त दिलेल्यांना आधीच विचारून घ्या.

मेणबत्त्यांखाली वाळूचं ताट ठेवा, नाहीतर फरशीवरचं मेण खरवडायचं काम सकाळी सफाईवाल्या मावशींवरच पडतं. नावांची तपासलेली यादी सोसायटीच्या फाइलला लावा, पुढच्या कमिटीला ती पुन्हा करायला लागू नये.