मूल नशेत घरी आले तर: ती रात्र आणि पुढचे दिवस

गटारी अमावस्येला, 31 डिसेंबरला किंवा परीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यावर पंधरा-सोळा वर्षांचे मूल दारू पिऊन घरी आले, की पालकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणाबरोबर होतास?’ हा. त्या रात्री या प्रश्नाचा काहीही उपयोग नसतो. मूल नीट श्वास घेत आहे का आणि हाक मारल्यावर जागे होते का, एवढेच तेव्हा पाहायचे असते.

त्याला एकटे झोपू देऊ नये. पोटातली दारू झोपेतही रक्तात मिसळत राहते, त्यामुळे ‘झोपला की उतरेल’ असे म्हणून खोलीचे दार लोटून घेतले, तर तासाभरात आत त्याची प्रकृती बिघडलेली असू शकते. त्याला कुशीवर वळवून वरचा गुडघा पुढे दुमडावा आणि तोंड किंचित खाली झुकलेले ठेवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही दारू लवकर उतरत नाही. मीठपाणी पाजून उलटी काढणे तर जिवावर बेतू शकते. चिमटा काढूनही जाग येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, अंग गार लागत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक खंड पडत असेल, तर यांपैकी एक लक्षणही 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास पुरेसे आहे. दारूबरोबर झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतले असण्याची शंका असल्यास डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. अब्रूपायी ते लपवले, तर उपचारांची दिशाच चुकते.

व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन या स्वस्त वस्तूंकडे पालकांचे लक्षच जात नाही. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळले. दप्तरातल्या रुमालाला रंगाच्या दुकानासारखा वास येणे आणि नाका-तोंडाभोवती पुरळ उठणे या खुणा ओळखाव्यात. मूल हुंगत असताना दिसले, तरी ओरडत त्याच्या अंगावर धावून जाऊ नये, कारण अशा वेळी अचानक दचकल्याने किंवा पळाल्याने हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, आणि ते पहिल्या खेपेलाही घडू शकते. खिडक्या उघडून शांतपणे जवळ बसावे.

चौकशी दुसऱ्या दिवशी, नशा पूर्ण उतरल्यावर करावी, आणि तीही नातेवाइकांना गोळा न करता. किती घेतली यापेक्षा का घ्यावीशी वाटली, हे विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. लग्नकार्यात ‘एक घोट घे, मोठा झालास’ म्हणत ग्लास पुढे करणाऱ्या काकांनाही त्याच आठवड्यात समज द्यावी. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे, शिवाय मुलाला दारू देणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

प्रकार पुन्हा घडला, अभ्यास आणि जुने मित्र एकदम सुटले किंवा घरातले पैसे नाहीसे होऊ लागले, तर व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला 14446 वर फोन करावा. पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्राचाही सल्ला घेता येतो. मूल यायला तयार नसले, तर पालकांनी आधी स्वतः जाऊन समुपदेशकांना भेटावे.