एक हॉल, एक मुहूर्त, दोन पावत्या: अनुभवी वेब डेव्हलपरने पुढचं कसं शिकावं

वैशाखातला मुहूर्त होता. मंगल कार्यालयाच्या ऑफिसात दोन मुलींचे वडील समोरासमोर उभे होते आणि दोघांच्याही हातात त्याच हॉलची, त्याच दिवसाची पावती होती. दोन्ही पावत्या मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून निघाल्या होत्या. तेव्हा मला या कामात नऊ वर्षं झाली होती. 'हॉल मोकळा आहे का बघ, असेल तर बुकिंग लिही' हा कोड मी स्वतः तपासला होता, सगळ्या टेस्ट पास होत्या. एका कुटुंबाला शेजारच्या कार्यालयात जागा मिळाली, पण त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरलेले नाही.

आता मी पुण्यात सात-आठ वर्षं काम केलेल्या डेव्हलपरांसाठी आठ शनिवारांचा वर्ग घेते. पहिला धडा हाच असतो. तुमच्या टीममध्ये असा वर्ग घ्यायचा असेल, किंवा एकट्यानेच शिकायचं असेल, तर मी जे करते ते सांगते.

सुरुवात नव्या फ्रेमवर्कपासून (ॲप बांधायच्या तयार सांगाड्यापासून) करू नका. अनुभवी माणूस फ्रेमवर्क दोन आठवड्यांत स्वतःच शिकतो. त्याला खरी गरज असते ती आपली समजूत नेमकी कुठे चुकीची आहे हे कळण्याची. म्हणून माझा एकच कडक नियम आहे: कोणतीही कमांड चालवण्याआधी काय होईल ते कागदावर लिहायचं. तोंडी अंदाज चालत नाही, कारण उत्तर दिसलं की प्रत्येकाला वाटतं आपल्याला हे माहीतच होतं. गट सहा जणांचा ठेवा. एआय सहायक पहिला तासभर बंद ठेवा, नंतर खुशाल वापरा.

सरावाला एक छोटं टेबल पुरतं: हॉल, बुकिंगची सुरुवात, शेवट, स्थिती. डेटाबेस पोस्टग्रेस घ्या आणि टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एक खिडकी म्हणजे एक कुटुंब. दोन्हीकडे ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण लागू होणारा, नाहीतर पूर्ण रद्द होणारा कामांचा गठ्ठा) सुरू करा, दोन्हीकडे हॉल मोकळा आहे का ते विचारा, दोन्हीकडे बुकिंग लिहा, दोन्हीकडे कमिट करा, म्हणजे बदल पक्के करा. दोन्ही बुकिंगं पडतात, म्हणजे बिनतक्रार नोंदली जातात. पोस्टग्रेसची आयसोलेशन पातळी, म्हणजे एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ती पातळी, मुळात 'रीड कमिटेड' असते. तिथे समोरच्याने अजून कमिट न केलेलं बुकिंग तुम्हाला दिसतच नाही.

मग कोणीतरी म्हणतं, 'रिपीटेबल रीड' लावा, म्हणजे ट्रान्झॅक्शनभर डेटाचं एकच चित्र दिसेल अशी पातळी. लावून बघा. तरीही दोन्ही पडतात. त्यानंतर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'सिलेक्ट फॉर अपडेट', वाचलेल्या ओळींना कुलूप लावणारी कमांड. इथे वर्ग शांत होतो, कारण तरीही दोन्ही बुकिंगं पडतात! हे कुलूप सापडलेल्या ओळींना लागतं. हॉल मोकळा असताना एकही ओळ सापडत नाही, तर कुलूप लावणार कशाला? दहा वर्षं ही कमांड वापरणाऱ्यांनाही हे इथे पहिल्यांदा जाणवतं. या क्षणी घाई करू नका, पाच मिनिटं कोणीच बोललं नाही तरी हरकत नाही.

इथून तीन वाटा आहेत आणि तिन्ही हाताने करून बघायच्या. पहिली, बुकिंगऐवजी हॉलच्या ओळीला कुलूप लावणं. ती ओळ कायम असते, त्यामुळे दुसरी खिडकी थांबते आणि पहिलीचं कमिट झाल्यावर नवीन बुकिंग तिला दिसतं. मात्र हे 'रीड कमिटेड'मध्येच. 'रिपीटेबल रीड'मध्ये दुसऱ्या खिडकीने आपलं चित्र वाट बघायला लागण्याआधीच टिपलेलं असतं, त्यामुळे कुलूप मिळूनही हॉल मोकळाच दिसतो. दुसरी वाट 'सिरियलायझेबल' पातळी, म्हणजे ट्रान्झॅक्शनं एकापाठोपाठ एक चालल्यासारखाच निकाल देणारी. यात एका खिडकीला 40001 हा एरर मिळतो आणि तुमच्या कोडने पूर्ण ट्रान्झॅक्शन, अगदी वाचण्यापासून, पुन्हा चालवायचं असतं. हॉलच्या बुकिंगला हात लावणारं प्रत्येक ट्रान्झॅक्शन याच पातळीवर हवं. एक जरी खाली राहिलं तरी हमी संपली.

तिसरी वाट मला सर्वांत प्रिय. लग्नाचा हॉल आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला सीमांतपूजनासाठी ताब्यात मिळतो आणि लग्नाच्या दिवशी चारला रिकामा करायचा असतो. त्याच संध्याकाळी पाचपासून दुसऱ्या कोणाचं रिसेप्शन असू शकतं. म्हणजे तारखेवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच तारीख पुन्हा येऊ न देणारी डेटाबेसची अट) लावून भागत नाही. कालावधी एकमेकांवर चढता कामा नयेत हे डेटाबेसला सांगावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये 2012 च्या 9.2 आवृत्तीपासून रेंज टाइप (सुरुवात आणि शेवट एकत्र साठवणारे प्रकार) आहेत. त्यांच्यावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावा: हॉल सारखा आणि वेळ एकमेकांवर चढणारी, अशा दोन ओळी चालणार नाहीत. हॉलच्या आयडीसाठी 'बीट्री जिस्ट' हे एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायचा पूरक भाग) लागतं. रद्द झालेली बुकिंगं अट घालून वगळा. रेंजचा शेवट मुळात उघडा धरला जातो, म्हणजे शेवटचा क्षण तिच्यात मोजला जात नाही, त्यामुळे चारला संपणारं आणि चारला सुरू होणारं बुकिंग भांडत नाही. चालू टेबलवर हे लावताना जुन्या टकरी आधी शोधून निस्तराव्या लागतात, नाहीतर कन्स्ट्रेंट लागतच नाही. उद्या कोणी नवीन स्क्रिप्टमधून थेट बुकिंग घातलं तरी ही अट उभी असते. ॲप्लिकेशनच्या कोडवरचा माझा विश्वास त्या वैशाखात संपला. अशा अटी मी डेटाबेसमध्येच ठेवते.

या एका उदाहरणाला दोन पूर्ण शनिवार द्या.

पुढचा शनिवार वेगाचा. 'जनरेट सिरीज' हे आकड्यांची रांग देणारं फंक्शन वापरून टेबलात 10 लाख ओळी भरा, 'ॲनालाइज' चालवा म्हणजे प्लॅनरकडचे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडचे) अंदाज ताजे होतील, आणि मग प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, कशी चालली ते 'एक्सप्लेन ॲनालाइज'ने बघा. पहिली नजर वेळेवर जाऊ देऊ नका. अंदाजे किती ओळी आणि प्रत्यक्षात किती, हा फरक आधी वाचा. फरक शेकडो पटींचा असेल तर दुखणं बहुतेक तिथेच आहे. कॉलमवर तारीख काढणारं फंक्शन लावलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) उपयोगी पडत नाही. त्याऐवजी 'या वेळेपासून त्या वेळेआधी' अशी अट लिहा. आणि सांभाळा: 'एक्सप्लेन ॲनालाइज' क्वेरी खरोखर चालवतं. डिलीट तपासायचं असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून रोलबॅक करा, म्हणजे बदल मागे घ्या.

नंतर पैसे. ग्राहकाने यूपीआयने ॲडव्हान्स भरला, आपला सर्व्हर उत्तर द्यायच्या आत नेटवर्क गेलं, त्याने पुन्हा बटण दाबलं. हा प्रसंग घडवण्यासाठी उत्तर पाठवण्याच्या ओळीआधी तीस सेकंदांची झोप घाला आणि ब्राउझरची टॅब बंद करा. एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या संवादाच्या) नियमांत पुट आणि डिलीट या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी परिणाम तोच राहावा अशी अपेक्षा आहे, पोस्ट या विनंतीला तशी हमी नाही, ती आपण द्यायची. फॉर्म उघडताना एक किल्ली (त्या फॉर्मचा एकमेव ओळखक्रमांक) तयार करा, प्रत्येक क्लिकला नवी नको. ती युनिक कन्स्ट्रेंटसह बुकिंगच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये साठवा आणि तीच किल्ली पुन्हा आली तर आधीचं उत्तर परत द्या. पेमेंट गेटवेला (पैसे स्वीकारणाऱ्या बाहेरच्या सेवेला) विनंती पाठवण्याचं काम मात्र ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कधीच करू नका. पोस्टग्रेसमध्ये मुळात 100 कनेक्शनची मर्यादा असते. गेटवे मंदावला की ती बघता बघता भरते आणि ज्यांना फक्त हॉलचे फोटो बघायचे आहेत त्यांनाही पान मिळत नाही.

सुरक्षेसाठी एकच दुपार घेते, पण ती चुकवू देत नाही. दोन खाती उघडा, एकाची पावती बघताना पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्याची मागा. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या, मोठ्या धोक्यांच्या 2017 च्या यादीत पाचव्या जागी असलेला प्रवेशहक्कांचा हा दोष 2021 च्या यादीत पहिल्या जागी आला. क्रमांकाऐवजी यूयूआयडी हा लांबलचक ओळखसंकेत वापरला की काम झालं असं समजू नका. पावती कोणाची आहे हे प्रत्येक वेळी सर्व्हरवर तपासावंच लागतं.

आठव्या शनिवारी मी शिकवत नाही. प्रत्येकाने आपल्या कामाच्या कोडमधली एक 'आधी बघ, मग लिही' अशी जागा शोधून आणायची, दोन खिडक्यांमध्ये ती मोडून दाखवायची आणि दुरुस्त करायची. रजेचा अर्ज, गोदामातला शेवटचा नग, कूपनचा एकदाच वापर, दवाखान्याची अपॉइंटमेंट: रिकाम्या हाताने आजवर कोणी आलेलं नाही. सोमवारी ऑफिसात गेलात की 'एक्झिस्ट्स' ('अशी नोंद आहे का' विचारणारा) हा शब्द सगळ्या कोडमध्ये शोधा आणि त्याच्या खालच्या दहा ओळींत इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद लिहिणं, आहे का ते बघा.